तिला आडवं करू नका

यमुना जाऊन महिना होऊन गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण पाणी पिऊन झालं की म्हणतो, "सुटली बिचारी." मी ऐकून घेत नाही. माझी बायको बांधलेली कुठे होती सुटायला? मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पेपरात कधी लिहिलं नाही. पण त्या एका शब्दाला उत्तर द्यायचं म्हणून लिहायला बसलो आहे.

आमचं गाव धुळे-चाळीसगाव रस्त्याला. घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. धाब्यावर कुरडया घालता घालता ती मागे सरकत कडेला आली आणि खाली ओट्यावर पडली. धुळ्याला मणक्याचं ऑपरेशन झालं. जीव राहिला, हात राहिले, पण छातीखालच्या अंगाशी तिचा संबंध उरला नाही. लघवीला कायमची नळी आणि पिशवी लागली. संडास रोज बोटाने काढावी लागणार होती. हे घरी कोण करणार, असं डॉक्टरने विचारलं, तेव्हा सून पुढे झाली. यमुनाने मान हलवली. "तिचा संसार आहे. यांना शिकवा." माझा धाकटा भाऊ नाना दाराबाहेर हसला. म्हणाला, "आबा, आते दाईनं कामबी करशात का?" मी म्हटलं, "करसू." अडलेलं रेडकू या हातांनी ओढून काढलं आहे मी. स्वतःच्या बायकोची कसली लाज?

तसं म्हणालो खरं... पण लाज होती. दोघांनाही होती. सकाळच्या चहानंतर मी तिला डाव्या कुशीवर वळवायचो, रबरी मोजा घालायचो, मलम लावायचो. ती भिंतीकडे तोंड करून मला गावातल्या बातम्या सांगायची. कोणाची म्हैस आटली, कोणाची सून रुसली. खाटेवर पडून तिला हे सगळं कसं कळायचं, देव जाणे. बातम्या संपायच्या तेव्हा कामही झालेलं असायचं.

डॉक्टरने एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगून पाठ करायला लावली होती. हिचं डोकं एकदम ठणकलं, तोंड लाल झालं, वरच्या अंगाला घाम सुटला, तर ते ऊन समजायचं नाही. खाली काहीतरी अडलेलं असतं. लघवी नाहीतर संडास. तिला ते कळत नाही, पण अंगाला कळतं आणि रक्तदाब असा चढतो की मेंदूतली नस फुटू शकते. आधी ताठ बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा, नळी बघा. नळी ठीक असेल तर पोट बघा. तरी उतरलं नाही तर दवाखाना गाठा. काही झालं तरी आडवं करू नका.

आता आमच्या खान्देशात उन्हाळ्यात कोणाला घाम फुटला, डोकं धरलं, की पहिलं काम आडवं करण्याचं. नानाच्या मुलीच्या लग्नात तेच झालं. चाळीसगावला मंडप, टळटळीत दुपार. यमुनाने हट्टाने शालू नेसवून घेतला होता. मी पुरुषांकडे फेटा बांधत होतो, तेवढ्यात कोणी म्हणालं, यमुनाअक्काला ऊन लागलं. धावत गेलो. बायांनी तिला सतरंजीवर निजवलं होतं, कपाळावर ओला टॉवेल, नाकाशी कांदा. चारही बाजूंनी लुगडी धरून आडोसा केलेला. नानाची बायको, शांता, आडवी उभी राहिली. "आबा, आठे बठ्ठ्या बाया शेतस. तुम्ही कथा चालनात?" सगळ्या बायांत पुरुष कुठे निघाला, असं तिचं म्हणणं.

आतून यमुनाचा आवाज आला. "माले बसाडा..."

कोणी तरी म्हणालं, "पडी ऱ्हाय माय, ऊन लागनं शे तुले."

"तिले ऊन नही लागनं," मी म्हटलं. "सरक शांता."

ती सरकली नाही. मी लुगडं बाजूला सारून आत घुसलो. तिला उचलून चाकाच्या खुर्चीत ताठ बसवलं, पाय खाली सोडले आणि सगळ्या बायांदेखत शालूची गाठ सोडली. कमरेच्या आवळलेल्या नाडीखाली नळी दुमडली होती. सरळ केली, तशी पिशवीत धार लागली. हळूहळू तोंडावरची लाली उतरली. तिने डोळे उघडून आधी माझ्याकडे बघितलं. "फेटा वाकडा व्हयना तुमना."

जवळच्या दवाखान्यात रक्तदाब मोजून आम्ही मंडपात परत आलो. लोक म्हणत होते, घरी न्या. ती म्हणाली, जेवल्याशिवाय हलणार नाही. आणि पंगत उठल्यावर तिने शांताला आणि बाकीच्या बायांना जवळ बोलावून नळी दाखवली, आडवं करायचं नाही हेही सांगितलं. "दखी ल्या. उद्या आबा नही ऱ्हायनात तर?" सगळ्यात जवळ शांता बसली होती.

मी राहिलो, ती गेली... छातीत कफ भरला. धुळ्याहून घरी आणली तेव्हा श्वास थोडाच उरला होता. रीत म्हणून नानाने भुईवर घोंगडी अंथरली, तुळशीचं पान आणलं. "आबा, खाले ल्या तिले." यमुनाचं बोलणं बंद झालं होतं. डोळे माझ्यावर होते. मी काही म्हणायच्या आत मागून शांता बोलली, "आडवं करू नका तिले." नानाने घोंगडी गुंडाळून ठेवली. मी खाटेवर तिच्या मागे बसलो, तिची पाठ माझ्या छातीला टेकवली. गेली ती बसूनच गेली.

तिच्या खाटेच्या उशाकडच्या पायांखाली मी विटा लावल्या होत्या. परवा सून त्या काढायला आली. मी म्हटलं, राहू दे. सकाळचा चहा मी तिथेच घेतो, पाठ टेकून, ताठ बसून. आणि भिंतीकडे तोंड करून कोणाची म्हैस आटली ते सांगतो.