‘बस’ म्हटलं की बसायचं

ती दुपार अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नोकरीत मी बरेच तपास केले, त्यातले निम्मे आता आठवायला डायरी काढावी लागते. हा एक मात्र डायरीशिवाय आठवतो, आणि आठवू नये असं मला फार वाटतं.

निमित्त झालं नातीचं. ती लायब्ररीतून रहस्यकादंबऱ्या आणते. त्यांत एक प्रकार असा, की पोलिसांचा कुत्रा आणि त्याला सांभाळणारा माणूस मिळून खुनी शोधतात. दुपारी वेळ जात नाही म्हणून मीही वाचतो. गोष्टी बऱ्या असतात, पण शेवटी कुत्रा नेमक्या माणसासमोर जाऊन उभा राहतो आणि सगळे त्याची पाठ थोपटतात. परवा नात म्हणाली, “आबा, सच्ची सांगा, खरा पुलिसचा कुत्रा पण कधीच चुकत नाही का?” मी म्हणालो, कुत्रा चुकत नाही. पुढचं तिला सांगवलं नाही, ते इथे लिहितो. नावं कोणाचीच देणार नाही. कुत्र्याचं देतो, कारण त्याच्या हातून काही गैर झालेलं नाही.

इंदूरला राजेंद्र नगरच्या पुढे नव्या कॉलन्या उठत होत्या, त्या भागातल्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमचं घराणं होळकरांच्या फौजेतलं, त्यामुळे घरी मराठी. ठाण्यात हिंदी. जिभेला याची इतकी सवय झालेली असते, की कोणता शब्द कोणत्या भाषेत निघाला हे आपलं आपल्यालाच कळत नाही. हे मी उगाच सांगत नाही.

एका दुपारी दोनच्या सुमारास एक मराठी गृहस्थ ठाण्यात आले. बँकेत नोकरी, सरळ माणूस. बायको सकाळी अकराला घरातून बाहेर पडली ती परत आली नव्हती. मोबाइल घरीच, गॅसवरची आमटी तशीच. सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता. रडून त्याचे डोळे लाल झाले होते. कुठे कुठे शोधलं ते त्यानेच भराभर सांगितलं: मंदिर, भाजीवाला, मैत्रिणीचं घर. तो एका ठेकेदाराकडे मुन्शी होता. कॉलनीच्या टोकाला त्या ठेकेदाराचं एक अर्धवट बांधकाम महिनोन्‌महिने बंद पडलं होतं. “तिकडे पण मीच बघून आलो सर. चाबी माझ्याकडेच असते ना. ताला खोलून पूरा मकान बघितला, कोणी नाही,” तो म्हणाला. ठाण्यातल्या लेखनिकाने रोजनाम्यात हे सगळं लिहून घेतलं.

निघताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “सर, बोलायला बरं नाही वाटत, पण नुक्कडवरचा प्रेसवाला आहे ना, त्याची नजर ठीक नाही. वहिनी कपडे द्यायला जायची तर टक लावून बघत राहायचा.” टीप देणाऱ्याला टीप द्यायची घाई का आहे, हे आधी बघायचं असतं. नव्या पोरांना मी हेच शिकवत असे. त्या दिवशी मी स्वतः बघितलं नाही.

डॉग स्क्वॉडला फोन केला. कुत्रा मिळाला, पण त्याचा हँडलर रजेवर होता, आईच्या ऑपरेशनसाठी. बदली म्हणून एक तरुण आरक्षक, म्हणजे शिपाई, आला. कुत्रा काळा लॅब्रेडॉर. रजिस्टरमध्ये त्याचं नाव रॉकी होतं, पण हँडलर आणि त्याची आई त्याला बाळ्या म्हणत. माग काढून झाला, की जिथे वास संपतो तिथे तो खाली बसायचा. भुंकणं नाही, ओरबाडणं नाही. बसला म्हणजे निशाणी.

चार वाजता बाईंची साडी हुंगवून बाळ्याला फाटकाबाहेर सोडलं. तो नाक जमिनीला लावून निघाला आणि गल्ली ओलांडून नुक्कडावर आला. तिथे कडुनिंबाखाली प्रेसवाल्याचा ठेला होता. कोळशाची इस्त्री, कपड्यांचे गठ्ठे, बाजूला राखेने भरलेलं घमेलं. कॉलनीतली शंभरेक माणसं आमच्या मागे होती. आणि तो धाकटा भाऊ एकदम मोठ्याने रडायला लागला, “वहिनी, कुठे गेली गं तू.” मला काही ऐकू येईना. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून जरा जोरात म्हणालो, “बस भिया, बस.”

बाळ्या बसला. बरोबर ठेल्यासमोर.

गठ्ठ्यात सगळ्यात वर त्याच बाईंची साडी होती. आता काय राहिलं? गर्दीतून एकदम गलका उठला. पण बाळ्या परत उठला आणि पट्टा ताणून पुढे ओढायला लागला. बदलीवाला आरक्षक म्हणाला, “सर, ये तो आगे जाना चाह रहा है।”

मी म्हणालो, “निशान दे दिया ना उसने? बस।”

बाळ्या पुन्हा बसला. मी पंचनाम्यात लिहिलं, श्वानाने दोन वेळा निशाणी दिली.

प्रेसवाल्याला गाडीत घालेपर्यंत लोकांनी ठेला उलटा केला होता. चाळिशीचा माणूस, मालव्यातल्या खेड्यातून आलेला, अंगाने किडकिडीत. चौकशीत तो एकच गोष्ट परत परत सांगत होता, “साब, म्हने कई नी करियो.” मी काही केलं नाही. बाईंच्या साडीला त्यांचा वास येणारच, ती न धुता नुसती इस्त्रीला येते, हेही त्याने सांगितलं. बरोबर होतं ते. पण दोन वेळा निशाणी मिळालेला पोलीस अधिकारी बरोबर गोष्टी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. चौकशी कशी झाली ते मी इथे सजवून सांगणार नाही. त्याचा डावा कान नंतर नीट ऐकत नव्हता, एवढं सांगतो. तो हात माझा होता.

दिवस मावळायला लागला तसा तो अस्वस्थ झाला. खिडकीकडे बघत म्हणाला, “साब, टेम हो गया। राख डालने जाना है।” मी कान टवकारले. ज्याच्यावर बाई गायब केल्याचा संशय आहे, त्याला राख टाकायची घाई? मी लगेच माणूस पाठवून ते घमेलं जप्त करवलं. राख चाळून बघितली. शर्टाची दोन बटणं निघाली. त्यानंतरही त्याने राखेचं दोनदा काढलं, आणि दोन्ही वेळा मी त्याला गप्प बसवलं.

रात्र तशीच गेली. बाई कुठे आहे, हे त्याला माहीतच नव्हतं, तर तो सांगणार काय.

सकाळी हजेरीच्या वेळी बाळ्याचा हँडलर थेट ठाण्यात आला. हवालदार, वय पन्नासच्या आसपास, इंदूरचाच मराठी माणूस. आईला वॉर्डात हलवल्यावर त्याने बाळ्याची खबर घ्यायला फोन केला होता आणि बदलीवाल्या पोराने त्याला सगळं सांगितलं होतं. त्याने मला सॅल्यूट केला आणि उभाच राहिला.

“सर, एक विचारू का, नाराज नका होऊ. बाळ्या बसला तेव्हा जवळपास कोणी काही बोललं होतं?”

“गर्दी होती. सगळेच बोलत होते.”

“तसं नाही. मतलब, कोणी ‘बस’ तर नाही म्हटलं?”

मी टेबलावरचा पंचनामा पुढे ओढला.

“ते कसं आहे ना सर, ट्रेनिंगमध्ये कमांड ‘सिट’ आहे. पण आमची आई त्याला पोळी द्यायची ना, तर म्हणायची, बाळ्या, बस. बसला की पोळी. तेच पक्कं झालं त्याचं. सिटवर कधी विचार करतो, पण बसवर एकदम बसतो. कागदावर कुठे लिहिलं नाही सर, लिहिणार कसं? मी असतो तर आधीच सगळ्यांना चुप केलं असतं.”

इतक्या वर्षांत मी शेकडो माणसांना प्रश्न विचारले. त्या सकाळी एका हवालदाराने मला एकच प्रश्न विचारला आणि माझी चौकशी पूर्ण झाली. मी हिंदीत बोललो होतो आणि कुत्र्याने मराठीत ऐकलं होतं. त्या आईने ज्या भाषेत त्याला हा शब्द शिकवला, त्याच भाषेत मी वाढलो होतो, तरी माझ्या लक्षात आलं नाही.

आम्ही तसेच निघालो. मी कोणालाही तोंड उघडू दिलं नाही. हवालदाराने बाळ्याला साडी हुंगवली. रात्रभरात वास किती उरला असेल याची मला धास्ती होती, पण तो फाटकातून निघाला, नुक्कडावर आला, उलट्या पडलेल्या ठेल्याकडे त्याने मानही वळवली नाही, आणि सरळ पुढे गेला. ठेल्यापासून दोनशे पावलांवर ते अर्धवट बांधकाम होतं. फाटकाला कुलूप. आम्ही ते तोडलं. आत मागच्या बाजूला पाण्याची जमिनीतली टाकी होती, कोरडी, वर लोखंडी झाकण. बाळ्या झाकणाशी गेला आणि कोणी काही न बोलता बसला.

झाकण दोघांनी मिळून उचललं. बाई आत होत्या. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता आणि पदर फाडून त्यांनी तो स्वतः घट्ट बांधला होता. नखं सगळी तुटलेली. अंग अजून पुरतं ताठरलंही नव्हतं. पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पहाटेपर्यंत जिवंत असाव्यात. म्हणजे मी बाळ्याला दुसऱ्यांदा ‘बस’ म्हणालो, त्यानंतर बारा तास.

पुढचं सोपं होतं. रोजनामा उघडून मी धाकट्या भावाला समोर बसवलं.

“काल तू तिथे बघून आलास म्हणालास. टाकीत बघितलं होतं?”

“हो सर. टंकी खाली होती, कोणी नव्हतं.”

“किती वाजता?”

“एक… एक वाजता.”

“तेव्हा त्या आतच होत्या.”

मग तो बोलला. त्याचं लग्न ठरत होतं. तो पितो आणि हात उचलतो, हे वहिनींनी मुलीच्या घरच्यांना खरं खरं सांगितलं आणि स्थळ मोडलं. घरात बोलता येत नाही, पाच मिनिटं तिकडे या, म्हणून त्याने त्यांना बोलावलं. त्याही समजूत घालायला गेल्या. “फक्त धक्का दिला होता सर, टंकी उघडी होती. मग ती आवाज द्यायला लागली, म्हणून ढक्कन लावला.” हे त्याने असं सांगितलं, की जणू झाकण लावणं ही वेगळीच, किरकोळ गोष्ट आहे.

थोरल्या भावाने मला एवढंच विचारलं, “सर, तिला जास्त वेळ त्रास नाही ना झाला?” मी नाही म्हणालो. रिपोर्ट कोर्टात वाचला गेला, तेव्हा ते पहिल्या रांगेत बसले होते. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नाही.

कोर्टात माझा तो पंचनामाही निघाला. बचावाच्या वकिलांनी विचारलं, कुत्र्याने निशाणी दुसऱ्याच माणसावर दिली होती ना? मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून माझी चूक आहे तशी सांगितली. लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. धाकट्या भावाला जन्मठेप झाली, आणि माझ्या सर्व्हिस बुकात एक ओळ लागली. ती मला कमीच वाटते.

कादंबऱ्यांत कुत्र्याचा जोडीदार एकच असतो. आमच्यात तसं नसतं. पट्टा धरणारा, मागे चालणारा, हुकूम सोडणारा, सगळेच त्याचे जोडीदार असतात, आणि त्यांतल्या एकाला जरी त्याची भाषा माहीत नसली तर त्याच्या खरेपणाचा काही उपयोग होत नाही. पोलिसाने केव्हा गप्प राहायचं असतं, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. काय विचारायचं असतं, ते मात्र नंतर कळलं.

निवृत्त झाल्यावर मी प्रेसवाल्याला शोधलं. त्या कॉलनीने त्याला परत उभं केलं नव्हतं. निर्दोष सुटला तरी लोक कपडे देईनात. आता तो सियागंजच्या मागे एका दुकानाच्या पायरीशी पोती शिवतो. मी उजव्या बाजूने बोलायला लागलो, तो कान त्याचा शाबूत होता. माफी मागायला आलोय म्हणालो. तो हातातला दाभण चालवत राहिला.

“साब, आपने राख वाली बात नहीं सुनी,” तो म्हणाला. “मैं तो रोज शाम को राख उसी अधूरे मकान के पीछे डालता था। दीवार टूटी है वहां। टंकी से लगके। उस दिन जाता तो बहनजी की आवाज आती ना।”

सकाळी अकराला कुठे होतास, हे मी त्याला वीस वेळा विचारलं होतं. राख कुठे टाकतोस, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्याला सुटायची घाई नव्हती. त्याला रोजचं काम करायचं होतं, आणि ते काम त्याला करू दिलं असतं तर त्या बाई आज जिवंत असत्या.

मी काहीतरी बोलायला लागलो. काय, ते आता आठवत नाही. त्याने दाभण खाली ठेवला, हात वर केला आणि म्हणाला, “बस, साब.”

हिंदीतच म्हणाला. मी तिथेच पायरीवर खाली बसलो.