लवणातला हिरवा पट्टा

सोनोने काका शिवारात गेले की आधी नकाशा उघडत नसत, आधी माणूस शोधत. मी मोजणीचं यंत्र, उपग्रहाचा फोटो, सर्व्हे नंबरांची यादी असा सगळा संसार बाभळीखाली मांडून बसलेली असे, आणि हे गृहस्थ चपला हातात घेऊन बांधापलीकडे कुठल्यातरी निंदणाऱ्या बाईशी बोलत उभे. त्यांचा प्रश्न ठरलेला असे. पोळ्याच्या सुमारास इथं पाणी किती दिवस थांबतं? बाईने बोटांवर मोजून उत्तर दिलं की मग ते परत येत, खिशातून पेन्सिल काढत आणि म्हणत, "आता उघडा मॅडम तुमचा फोटो."

मी पुण्याची. नगररचना खात्यातली पहिलीच नेमणूक सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावी. शेगावला रेल्वेतून उतरून पुढे एसटी. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथली माणसं ओळखतील आणि तेवढं पुरे. पुढच्या वीस वर्षांत हे गाव कुठं आणि कसं वाढावं याचा आराखडा आम्हाला करायचा होता. सोनोने काका त्या कामाचे आरेखक, म्हणजे नकाशा प्रत्यक्ष काढणारे आणि रंगवणारे. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलेली. शर्टाच्या खिशात चार रंगांच्या पेन्सिली, ब्लेडने टोक काढलेल्या. संगणकावरचा नकाशा पक्का होण्याआधी ते कागदावर हाताने रंगवल्याशिवाय सोडत नसत, आणि त्यात इतका वेळ घालवत की मी चिडून केबिनमध्ये फेऱ्या मारायची. घाई केली तर फुगून बसत. मग चहा मागवून समजूत काढावी लागे.

गाव वाढवायचं म्हटलं तर जागा होती कुठे? उत्तरेला जंगलाची हद्द, पूर्वेला नदी, दक्षिणेला विहिरींवरच्या संत्र्याच्या बागा. उरले दोन तुकडे. एक गावामागचा मुरमाड माळ, चढाचा, रस्ता नसलेला. दुसरा हमरस्त्याला लागून असलेलं लवण, म्हणजे माळावरचं पाणी जिथून नदीकडे उतरतं ती खोलगट, काळी, दिसायला अगदी सपाट जमीन. रस्त्यालगत असल्यामुळे सगळ्यांचे डोळे लवणावर. काकांचं म्हणणं उलट होतं. माळावर लहान प्लॉट पाडा, गावठाणात पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा आधी भरा, आणि लवण हिरवं ठेवा, म्हणजे शेतीसाठी राखलेलं. "गाव वाढलंच पाह्यजे," ते म्हणत. "पन वाढनं येगळं आन पसरनं येगळं."

यासाठी त्यांनी एक कागद तयार केला होता. तसा कागद मी कुठल्याही कॉलेजात पाहिला नव्हता. पावसाळ्यात मेंढपाळ आपली मेंढरं रात्री कुठं बसवतात, ते सारं त्यांनी गावोगावच्या मेंढपाळांना विचारून नकाशावर लहान गोल काढून दाखवलं होतं. मेंढरू ओलीत बसत नाही. बसलं तर त्याचे खूर सडतात, म्हणून मेंढपाळ कोरडी जागा पिढ्यानपिढ्या पाठ ठेवतो. सगळे गोल माळावर होते आणि लवणात एकही नव्हता. बाजूला शेतात राबणाऱ्या म्हाताऱ्या बायांची नावं, कोण कुठं उभी राहून काय म्हणाली ते, बारीक अक्षरात. काही नावांपुढे अंगठे.

"हा कागद फायलीले लावा मॅडम," ते म्हणाले. मी हो म्हटलं.

मी तो लावला नाही. खरं कारण सांगते. मला लाज वाटली. वरच्या कार्यालयातून कुणी फाइल उघडली आणि त्यात मेंढरं निघाली तर काय म्हणतील, ही माझी चिंता. काकांची भाषाही मला तेव्हा गावंढळ वाटे. मैत्रिणींना फोनवर मी त्यांच्या 'जाऊन राह्यलो'ची नक्कल करून दाखवत असे आणि त्या हसत. अशा माणसाने मेंढपाळांकडून गोळा केलेली माहिती शासकीय पुरावा कशी होणार? योग्य वेळी दाखवू असं स्वतःला सांगून मी कागद टेबलाच्या खणात ठेवला.

आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात लवण हिरवं होतं. हरकती आल्या आणि सुनावणीचा दिवस लागला. लवणातल्या जमीनमालकांचा वकील मोठा सभ्य माणूस होता. आवाज न चढवता त्याने समितीला एवढंच विचारलं की ही सपाट, रस्त्यालगतची जमीन बांधकामाला बंद ठेवण्यास आधार काय? समितीच्या अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. दाराजवळ नकाशाची गुंडाळी घेऊन काका उभे होते. आरेखकाला तिथे कुणी काही विचारत नाही, ते रिवाजाने गप्प. तेही माझ्याकडेच पाहत होते. कागद दहा पावलांवर, माझ्याच खणात.

मी म्हटलं, "फाइलवर स्वतंत्र आधार उपलब्ध नाही."

त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि याच गोष्टीचा मला आजही सर्वांत जास्त राग येतो.

लवण पिवळं झालं, म्हणजे राहण्यासाठी मोकळं. सुधारित नकाशा काकांनीच रंगवला. दोन दिवस ते त्यावरच बसून होते. तिसऱ्या दिवशी नकाशा माझ्यापुढे ठेवताना त्यांनी विचारलं, "काऊन नाई बोलल्या, मॅडम?"

"काका, आधार लागतो. कागद लागतो."

"कागद होता ना," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्या टेबलात होता."

त्यानंतर ते माझ्याशी वाईट वागले असते तर बरं झालं असतं. पण ते तसेच राहिले. डब्यातली भाकर आणि ठेचा पुढे करत राहिले, माझी बदली झाली तेव्हा पिशवी उचलून एसटीपर्यंत आले, खिडकीतून म्हणाले, "जिथं जासान तिथं पह्यले म्हाताऱ्या बायायले इचारत जा." मी हसून मान हलवली. नंतर मी खरोखर विचारू लागले. सहा गावांचे आराखडे झाले, प्रत्येक फाइलमध्ये असे कागद आहेत, आणि आजवर त्यांना कुणी हसलेलं नाही.

काका गेल्याचं मला जुन्या कार्यालयातल्या एकाने फोनवर कळवलं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या स्मरणविधीच्या दिवशी मी गेले. अंगणात मांडव, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, बाजूला काकांचा फोटो, वंदना नुकतीच संपलेली. मला वाटलं घरचे आणि कार्यालयातले असे पन्नासेक लोक असतील. मांडव तर रस्त्यापर्यंत गेला होता. शिक्षक, कंडक्टर, गवंडी, शिलाईकाम करणाऱ्या बाया. सोनोने काकूंना भेटून मी मागे जाऊन बसले. शेजारच्या बाईला विचारलं, तुम्ही नात्यातल्या का? ती म्हणाली, नाही, आम्ही सगळे लवणातल्या लेआउटमधले.

मग तिने सांगितलं. निवृत्त झाल्यापासून काका रोज सकाळी तिकडे जात. कुणी पायाची चुन्याने आखणी केली की हे हजर. जोतं कमरेइतकं उचला, म्हणत. उचलत नसेल त्याच्या अंगणात बसून राहत. गवंडी वैतागत, मालकांना वाटे म्हातारं सटकलं. पहिल्या मोठ्या पावसात ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं, धान्य गेलं, एका घराची भिंत बसली. त्यानंतर काकांना कुणी हसलं नाही. पण गल्ल्यांत दर वर्षी पाणी भरतंच, लेकरांना खांद्यावर घेऊन शाळेत पोचवावं लागतं. आता घर विकतो म्हटलं तर घेतो कोण?

"एवढं कशाला करायचे ते?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"म्याबी तेच इचारलं होतं," ती म्हणाली. "तं म्हने, बाई, इथं घरं नोती व्हायले पाह्यजे. नकाशा म्या रंगवला, चूक माही हाय."

एवढ्यात कुणीतरी बुंदी आणि चिवड्याची पुडी हातात दिली. बाईने मला विचारलं, तुम्ही कोण त्यांच्या?

मी म्हटलं, आम्ही एकाच ऑफिसात होतो.