महाजन सरांची मोठ्यानं मोजणी

महाजन सर काहीही मोठ्यानं मोजत. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा. "मनात मोजतो तो लपवतो," असं म्हणत. आमच्या केळीच्या गावातल्या लालबाग वस्तीत त्यांच्याकडे मी गणिताच्या शिकवणीला जायचे. वर्षभरात मी तिथे दहा वाक्यं बोलले असेन; पण अक्षर चांगलं, म्हणून फळा माझ्याकडे.

केळी व्यापाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष निवडायची मतंही सरच मोजत. त्या वर्षी राजूभाऊ आणि किशोरशेठ उभे होते. सर चिठ्ठी वाचत, मी फळ्यावर रेघ ओढत होते. मध्येच चहा आला. चहानंतर सरांनी हातातली किशोरशेठची चिठ्ठी पुन्हा वाचली. मी पुन्हा रेघ ओढली. कळलं होतं, पण एवढ्या माणसांत तोंड उघडेना.

राजूभाऊ एका मतानं आले. "गडबड आहे भाई!" किशोरशेठ ओरडले, आणि भांडणात बेरीज जुळवायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवसापासून मंडीत दोन अध्यक्ष, दोन भोंगे, केळीचे दोन भाव. शेतकऱ्यांचा एकावरही विश्वास बसेना. माल उचलेना कोणी. उभ्या ट्रकांत हिरवी केळी पिवळी पडू लागली. लोक आता सरांकडेही संशयानं बघत. सरांनी पायऱ्या मोजणं सोडलं. ते मात्र मला बघवेना. तिसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं.

सरांनी पायात चपला सरकवल्या. मग म्हणाले, "चल."

मंडीत त्यांनी भोंगा हातात घेतला. "चूक माझी झाली. चहाच्या नादात एक चिठ्ठी दोनदा वाचली."

किशोरशेठनी तिथल्या तिथे हार मागवून गळ्यात घातला. सगळ्यांसमोर पेटी उघडली, पुन्हा मोजणी झाली. राजूभाऊ दोन मतांनी आले.

"सर, चिठ्ठी कोणाची होती ते तो पहिले सांगायचं ना!" किशोरशेठ हार काढत म्हणाले. मग स्वतःच हसले. "जाऊ द्या. स्वतःची चूक भोंग्यावर सांगतो, तो माणूस मला काय फसवणार!" तो हार त्यांनी राजूभाऊंच्या गळ्यात टाकला. दुपारी एकच भाव निघाला आणि ट्रक हलले.

घरी जाताना सर एवढंच म्हणाले, "बेटा, पुढच्या वेळी चहा थंड व्हायच्या आत बोल."

गेल्या वर्षी सर गेले. यंदा मोजणीला कोण, यावर दोन्ही गट महिनाभर भांडले आणि एकाच नावावर थांबले. माझ्या. मी टेबलाशी उभी राहिले, आधी चहा परत पाठवला, आणि पहिली चिठ्ठी वाचली. मागून किशोरशेठ ओरडले, "ऐकू येत नाही, बेटा!"

मी पुन्हा वाचली. मोठ्यानं. आणि लगेच सांगितलं, "ही तीच चिठ्ठी आहे. एकदाच धरा."