साडूंना येणारी बोलावणी

नको असलेल्या नोकऱ्या नाकारण्यात माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस कल्याणपासून कर्जतपर्यंत सापडायचा नाही. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ते सुपरवायझर आहेत, आणि तिथून हलायचा विचार त्यांच्या स्वप्नातही येत नाही. पण कुणीतरी आपल्याला हलवायला यावं, चार वेळा विनवावं आणि आपण हळहळत नाही म्हणावं, ही त्यांची हौस. कुणाला मासे पाळायची असते, कुणाला भजनाची, यांना ही.

दर रविवारी आंघोळ झाली की हेंद्रेपाड्यातल्या आपल्या गॅलरीत बसून ते नोकरीच्या साईटवरची स्वतःची माहिती उघडणार आणि त्यातला एक शब्द बदलणार. काहीतरी बदललं की नाव वर येतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यामुळे एका रविवारी 'एक्सपिरियन्स्ड'च्या मागे 'व्हेरी' लागायचं आणि पुढच्या रविवारी ते निघायचं. फोटो माझ्या लग्नातला, कापून लावलेला. त्यात त्यांच्या खांद्यावर माझ्या बायकोची बोटं अजून दिसतात. मी म्हटलं, दादा, हा तरी बदला. तर म्हणाले, "राहू द्या हो. माणूस घरंदाज आहे हे कळतं."

अनोळखी नंबर वाजला की घरात मिक्सर बंद. साडू बनियनवर शर्ट चढवणार, गळ्यापर्यंत बटणं लावणार. ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणायची, "अहो, फोनवर कुणाला दिसतंय?" त्यावर यांचं उत्तर ठरलेलं, "आवाजात फरक पडतो." मग फोनवर, "सध्या मी काही बघत नाहीये. पण तुम्ही एवढा फोन केलाच आहे, तर म्हणणं ऐकून घेतो." ऐकून घेतो म्हणजे कसं, तर कॅन्टीनला काय असतं, बॉयलर किती जुना, आधीचा माणूस का सोडून गेला, सगळं. शेवटी "घरी विचारून सांगतो," आणि दुसऱ्या दिवशी मुलीची पत्रिका परत करावी तसा हळुवार नकार. पुण्याच्या एका मुलीला तर यांनीच उलट विचारलं, "बाळा, तू स्वतः खूश आहेस का तिथे?" तिने आठवड्याभरात राजीनामा दिला. दिवाळीला अजून तिचा मेसेज येतो. एकदा उल्हासनगरला पँटचं कापड घ्यायला गेले, तर दुकानदाराच्या भावाचा जीन्स रंगवायचा कारखाना निघाला. कापड राहिलं दुकानात आणि हे बोलावणं घेऊन घरी आले.

मी एकदा न राहवून विचारलं, दादा, जायचं नाही तर हा खटाटोप कशाला? ते गॅलरीच्या कठड्याला टेकले. मग म्हणाले, "रंगाची बॅच बिघडली की शेठ धावत खाली येतो. चांगली निघाली की वर बसून असतो. इतकी वर्षं झाली, 'बरं केलंस' म्हणून कधी नाही बोलला. ही फोनवरची पोरं निदान 'सर, तुमचा अनुभव फार चांगला आहे' एवढं तरी म्हणतात. तेवढ्यावर माझा आठवडा निघतो. नोकरी कुणाला हवीये? आहे तिथंच कुणी म्हटलं असतं, तर कशाला शर्ट घालून बसलो असतो?" मला फार वाईट वाटलं.

आता त्यांच्या कारखान्याची एक रीत आहे. सोडून जाणारा माणूस आधी शिफ्ट सुटताना गेटवर पेढे वाटतो आणि मग राजीनामा देतो, म्हणजे वरून कुणी अडवायच्या आत गोष्ट पक्की होऊन जाते. यंदा साडूंची धाकटी बारावी झाली आणि हे आनंदाच्या भरात गेटवर पेढे वाटून मोकळे झाले. कसले म्हणून विचारलं, तर सवयीने गालात हसून "कळेल हळूहळू" म्हणाले. झालं. वॉचमनने वर बातमी पोचवली.

संध्याकाळी मी पोरीचं कौतुक करायला गेलो होतो, तेवढ्यात शेठ दारात हजर. उल्हासनगरचा सिंधी माणूस, निम्मं मराठी, निम्मं हिंदी. सोफ्याच्या कडेवर टेकला, पाण्याला हात लावेना. म्हणाला, "कुठे चालला ते नको सांगू. मैं सच बोलतो, तू रातपाळीला असतो ना, तर मी घरी आरामात झोपतो. दुसरा कोई असला की फोन उशाला घेऊन पडतो. बस, इतनी सी बात है. जाऊ नको."

एवढ्या कंपन्यांना बोलबोलून दमवणारा हा माणूस, पण आज त्याला ते ठरलेलं "घरी विचारून सांगतो"सुद्धा सुचलं नाही. डोळे भरून आले होते ते चष्मा पुसून लपवत होते. आणि नेमकी ताई बशी घेऊन बाहेर आली. "घ्या ना शेठ, धाकटीला बारावीत फर्स्ट क्लास मिळाला."

शेठने बशीकडे पाहिलं, साडूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पेढा उचलला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. चपला घालताना मागे न बघता म्हणाला, "बोललो ते बोललो. वापस नहीं लेता."

पुन्हा तो तसं काही बोललेला नाही. बॅच बिघडली की पूर्वीसारखाच ओरडतो. पण साडूंनी ती साईट परत उघडलेली नाही. फोन कमी होत होत बंदच झाले. आता रविवारी ते बनियनवरच गॅलरीत निवांत चहा पितात, आणि ताईचा मिक्सर मनसोक्त फिरतो.

त्यांच्याकडून घरी परतताना रिक्षात माझ्या मनात येतं, मीही एका शाळेच्या ऑफिसात वर्षानुवर्षं बसतोय. माझ्या भरवशावर कुणी आरामात झोपत असेल का? विचारणार कुणाला? पेढे वाटून बघावेत, तर तेवढी हिंमत अजून झालेली नाही.