पाणी उतरेपर्यंत

सौदीत यान्बूला येईपर्यंत गेंडा मला ठाऊक होता तो फक्त कातडीपुरता. बोलून बोलून ज्याच्यावर ढिम्म परिणाम होत नाही, त्याची कातडी गेंड्याची. माझी जीभ मुळात तिखट, त्यामुळे हे वाक्य माझ्या तोंडी रोजचंच. मग हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये माझ्या खोलीत आसामची एक नवी नर्स राहायला आली. तिचा धाकटा भाऊ तिकडे गेंड्यांच्या अभयारण्यात वनरक्षक होता. माझं बोलणं ऐकून ती म्हणायची, "दीदी, उसकी चमड़ी पे भी मच्छर काटता है."

भावाचा फोन आला की आईची खबर दोन वाक्यांत उरकायची आणि मग नुसते गेंडे. शिंगासाठी बंदुका घेऊन शिरणारे शिकारी, आणि पावसाळ्यात नदीचा पूर. पुरात जनावरं उंचवट्यावर चढतात आणि शिकाऱ्यांच्या आयतीच हाती लागतात, म्हणून हे रक्षकही होडीने तिथेच पहाऱ्याला जातात. "त्या जनावरापायी स्वतः बुडशील म्हणावं," असं मी म्हणायचे. ती हसायची.

यंदाच्या पुरात त्याचा फोन लागेना. ती ड्यूटी करायची, पण जेवायची नाही. बाहेर रस्ता उन्हाने भाजत असायचा आणि आम्ही दोघी मोबाइलवर आसामचा पाऊस बघत बसायचो.

शुक्रवारी दुपारी फोन आला. ती बाल्कनीत गेली, बराच वेळ ऐकत राहिली, मग आत येऊन म्हणाली, "खलास."

आता हा शब्द इथे आम्ही उठताबसता ऐकतो. ड्यूटी संपली, खलास. इकाम्याचं, इथे राहायच्या परवान्याचं, काम झालं, खलास. पेशंट बरा होऊन घरी गेला तरी खलास. मला वाटलं, भाऊ सापडला, काळजी मिटली. माझा जीव भांड्यात पडला. "शुकर अल्लाचा!" म्हणत मी तिला मिठी मारली. ती लाकडासारखी उभी राहिली. आपल्याकडे माणूस खलास होतो, हे इतक्या वर्षांत माझे कान विसरले होते. ती नवीन होती.

शिकाऱ्यांनी नव्हे, गेंड्याच्या मादीनेच त्याला मारलं होतं. चढत्या पाण्यातून ती पिल्लाला घेऊन उंचवट्यावर आली, आणि तो तिथे आधीच होता.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. भावाचा सोबती होडीतून बोलत होता, आणि ती ऐकता ऐकता मला हिंदीत सांगत होती. मादी अजून तिथेच, प्रेताजवळ उभी होती. हवेत गोळ्या झाडल्या तर हटेल, पण जाईल ती पाण्यातच, आणि पिल्लू वाहून जाईल. घरी त्यांची आई बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. काय करू, असं तो हिला विचारत होता.

मला त्या जनावराचा असा संताप आला की मी मराठीतच ओरडले, "झाडायला सांग गोळ्या! मरू देत दोघं! भावाला चिखलात ठेवणार आहेस का?"

तिने माझ्याकडे पाठ फिरवली. मग फोनवर आपल्या भाषेत एकच शब्द बोलली आणि खाली बसली.

"क्या बोला तूने?" मी विचारलं.

"रुको बोला, दीदी. बच्चा छोटा है."

पाणी उतरायला दोन दिवस लागले. तोवर तिचा भाऊ तिथेच होता.