टरफलासकट भाव

शेंगांच्या टरफलांचा मातकट वास आला की नांदुऱ्याच्या आमच्या घराची ओसरी आठवते. त्या दुपारी आई सुपात शेंगा फोडत होती आणि मी शेजारी बसून मोबाइलवरच्या खेळातली माझी तलवार विकायला काढली होती. संध्याकाळच्या सामन्यासाठी मला आठशे नाण्यांची ढाल हवी होती. खेळातला बाजार विक्रीतून वीस टक्के कापतो, म्हणून मी मोठ्या ऐटीत आठशेवर वीस टक्के चढवले आणि नऊशे साठ भाव लावला. तलवार गेली, हाती आले सातशे अडुसष्ट. "मले फसवलं यायनं!" मी ओरडले. आईनं सगळं नीट विचारून घेतलं आणि मूठभर शेंगा माझ्यापुढं धरल्या. "टरफल दाण्यातून जाते का शेंगेतून? दाणे किती पाह्यजे ते तुले ठाऊक आहे, तं शेंगा किती लागतीन ते काढ." म्हणजे वीस टक्के आठशेचे नव्हे, लावलेल्या भावाचे जातात; हजार लावायला हवे होते. तलवार तर परत येणार नव्हती. कमी पडलेल्या बत्तीस नाण्यांसाठी मी माझा खंजीर चाळीसला लावला. तो खपला, बरोबर बत्तीस आले आणि सामन्याआधी ढाल माझ्या हातात होती. आजही मी खेळातल्या वस्तू विकते. घेणारे म्हणतात, तुझा भाव चढा आहे. म्हणू देत. मी टरफलासकट सांगते.