आईच्या हिंदीतला राग

ग्वाल्हेरात मराठी आडनावाच्या मुलीला गाता येत नाही, यावर कोणाचाही विश्वास बसत नाही. नववीत आम्हाला कलेचा एक विषय घ्यायचा होता: गायन, चित्रकला किंवा नाटक. मी नाटक म्हटलं. वर्गशिक्षिकेने माझं आडनाव वाचलं, हसून म्हणाली, ‘अरे, तुम तो मराठी हो, तुम्हारे यहाँ तो सब गाते हैं,’ आणि मला गायनात टाकून मोकळी झाली. आमच्या घरात कोणी गात नाही. आमचे पूर्वज दक्षिणेतून इकडे आले ते फौजेबरोबर, आणि घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या काही उतरलं असेल तर ते नाकाच्या शेंड्यावर बसलेलं चिडणं.

गायनाच्या वर्गात ते रोज उफाळून यायचं. तीस मुली एका सुरात ‘सा’ लावायच्या आणि माझा सूर तेवढा शेजारच्या गल्लीत निघून जायचा. टाळी चुकली की सगळ्या माझ्याकडे बघायच्या. तेवढ्यात मैदानापलीकडच्या पत्र्याच्या शेडमधून नाटकवाल्यांचा आरडाओरडा ऐकू यायचा. तिथे कोणी मरत असे, कोणी राजा होत असे, आणि नाटकाचे सर सगळ्यांना अजून मोठ्याने ओरडायला सांगत. माझा जीव त्या शेडमध्ये अडकला होता. विषय बदलायला त्या महिनाअखेरपर्यंतच मुभा होती आणि त्यासाठी पालकाने स्वतः येऊन सांगावं लागे.

बाबा बँकेच्या कामाने इंदूरला गेलेले. उरली आई.

आई कऱ्हाडची. लग्न होऊन इथे ग्वाल्हेरात, हरिशंकरपुरममध्ये आली त्याला आता सतरा-अठरा वर्षं झाली असतील, पण तिची हिंदी अजून कऱ्हाडच्या स्टँडवरच उभी आहे. ती मराठी वाक्य मनात पूर्ण करते, त्याला ‘है’ लावते आणि समोरच्याकडे आशेने बघते. एकदा तिने गॅसवाल्याला सांगितलं, ‘सिलिंडर खाली रखो.’ तो बिचारा म्हणाला, ‘खाली नहीं है मैडम, पूरा भरा हुआ है.’ आई म्हणाली, ‘भरा है तो खाली रखो ना.’ हा संवाद बराच वेळ चालला. मी खिडकीत उभी राहून पोट धरधरून हसले आणि संध्याकाळी दौलतगंजला काकाकडे जाऊन सगळ्यांना करूनही दाखवला. आईची हिंदी सुधारण्याचं काम घरात माझ्याकडे होतं. त्यामुळे शाळेत तोंड उघडायचं म्हटलं की ती बाबांना पुढे करायची. पालकसभेला ती कधीच आली नव्हती.

‘आई, प्लीज तू येच,’ मी म्हटलं. ‘मला तिथे घुटन होते. तू बस इतकं बोल की मला त्या क्लासमध्ये चिडायला होतं, नाटकात टाका. बात खतम.’

‘एवढंच ना? मग बोलते की,’ आई म्हणाली, आणि तिने कपाटातून चांगली नारायणपेठी काढली.

गायनाच्या मॅडम त्याच वर्षी कानपूरकडून बदलून आल्या होत्या. गाण्याचं शहर म्हणून मोठ्या हौसेने आलेल्या, आणि त्यांच्या नशिबी आम्ही. त्यांनी आईला अगदी आदराने खुर्ची दिली. मला दाराबाहेर थांबायला सांगितलं. दार अर्धं उघडं होतं आणि माझे कान पूर्ण.

‘बताइए, क्या परेशानी है?’

‘परेशानी कुछ नहीं,’ आई म्हणाली, ‘इसको ना, राग बहुत आता है.’

मी डोळे मिटून घेतले. मराठीत राग येणं वेगळं आणि हिंदीत राग आना वेगळं, हे मॅडमना कुठून ठाऊक असणार! त्यांची खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला.

‘अच्छा! कौन-से समय का?’

‘समय का कुछ नहीं. सवेरे उठते ही आता है. दोपहर को थोड़ा कम रहता है. शाम को एकदम जोर का आता है.’

‘वाह,’ मॅडम म्हणाल्या. ‘आजकल बच्चे समय का ध्यान ही नहीं रखते. किससे सीखा?’

‘सीखने का क्या उसमें? घर में ही है. इसके पापा से आया. उनके यहाँ सबको आता है. इसके दादाजी को तो ऐसा राग आता था कि गली के लोग अपने-अपने दरवाजे में आके खड़े रहते थे.’

मी फटीतून पाहिलं. मॅडमनी डोळे मिटून कानाच्या पाळीला हात लावला होता. आजोबा सहा बाय सहाच्या अंगणात उभे राहून दूधवाल्याला शिव्या देत, आणि इथे त्यांना गवयाचा मान मिळत होता.

‘और इसका? कितनी देर चलता है?’

‘शुरू हुआ तो घंटाभर. पहले धीरे-धीरे चढ़ता है, बाद में फिर रुकता नहीं.’

‘विलंबित से शुरू करती है!’ मॅडम पुटपुटल्या. आईला तो शब्द कळला नाही, पण तिने मान मात्र जोरात हलवली.

‘पर क्लास में तो कभी पता ही नहीं चला!’

‘क्लास में तो सबसे ज्यादा आता है!’ आई कळवळून म्हणाली. ‘चुपचाप दबा के रखती है बेचारी. इसलिए बोलती हूँ, इसको नाटक में डाल दो. वहाँ निकल जाएगा.’

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. मॅडमनी मला आत बोलावलं ते पोटच्या पोरीला बोलवावं तसं. मग शिपायाला पाठवून नाटकाच्या सरांनाही बोलावून घेतलं, कारण स्टेजच्या तालमीवरून दोघांचं रोज वाजायचं. सर हातात चहाची कपबशी घेऊन आले. ‘सुनिए ज़रा,’ मॅडम त्यांना म्हणाल्या, ‘कैसी लड़की आपके शेड में जाना चाहती है.’ आणि मला म्हणाल्या, ‘सुनाओ बेटा, जो मन में आए.’

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ‘मैडम, मम्मी का मतलब गुस्सा था.’ सगळे हसले असते, मी सुटले असते. पण मी आईकडे पाहिलं. पर्स मांडीवर घट्ट धरून ती ताठ बसली होती आणि तिचा चेहरा उजळला होता. ती एवढं मोठं बोलली होती आणि समोरची बाई कान देऊन ऐकत होती. हे वाक्य बोलले असते तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या शाळेत ती ‘राग वाली आंटी’ झाली असती. घरात तिला हसायचा हक्क माझा आहे. तो मी शाळेला देणार नव्हते.

मला गाणं येत नव्हतं, पण गवई येत होते. हिवाळ्यात शहरात बैठका होतात, बाबा तिथे ओळखीपाळखीसाठी जात आणि मला ओढून नेत. ऐकण्यात कधी मन रमलं नाही, म्हणून मी पाहत बसायची.

मी सतरंजीवर बसले. ओढणी शालीसारखी सारखी केली. घसा खाकरला, कोमट पाणी मागितलं, एक घोट घेऊन पेला दूर सारला. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला कान लावला, दुखावल्यासारखा चेहरा केला आणि सूर खाली करायला लावला, मग वर, मग पुन्हा होता तिथेच. कोपऱ्यात साथीसाठी तबला घेऊन बसलेल्या दहावीच्या मुलाकडे फार दयेने पाहिलं. तो घाबरून हातोडी घेऊन ठोकत बसला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर अख्खं अंगण उकरून काढलं. ‘कल से गला थोड़ा खराब है,’ मी म्हटलं. डावा हात हवेत नेला, डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि काहीतरी आठवल्यासारखं करून परत मिटलं. मग न गायलेल्या जागेला स्वतःच हळूच ‘क्या बात है’ म्हटलं.

‘बेटा, गाना कब शुरू होगा?’ मॅडम म्हणाल्या.

‘मैडम, अभी माहौल बन रहा है.’

सरांच्या तोंडातला चहा बशीत पडला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. ‘सा लगाओ,’ त्या म्हणाल्या. मी लावला. तो जिथे जायचा तिथेच गेला.

मॅडमचा चेहरा पडलेला मला अजून दिसतो. फार आशा लावून बसली होती ती बाई, आणि मला तिच्यासाठी खरंच वाईट वाटलं. पण त्या आता आईकडे वळल्या. ‘लेकिन आप तो कह रही थीं—’

मी उठून जवळजवळ धावलेच. मॅडमच्या कानाशी वाकून कुजबुजले, ‘मैडम, मम्मी से मैंने झूठ बोला था कि मुझे सब आता है. उनको मत बताइए.’

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की गायनाचं वर्ष माझ्यासाठी तिथेच संपलं. ‘इतनी भोली माँ को बुद्धू बनाती हो?’ त्या दातओठ खात हळूच म्हणाल्या. ‘शर्म आनी चाहिए.’ मग सरांकडे वळून मोठ्याने, ‘ले जाइए इसे. आपके यहाँ यही सब चलता है.’

‘इसे तो मैं अभी ले जाता हूँ,’ सर म्हणाले. ते अजून डोळे पुसत होते.

नाटक मिळालं. मॅडम मात्र दहावी संपेपर्यंत मला जिन्यात पाहिलं की मान फिरवायच्या.

परतताना आम्ही ई-रिक्षा केली. पडाव चौकापाशी नेहमीसारखी गर्दी तुंबली होती. मला वाटलं, आईला शंका आली. मग तिने पदर नीट केला.

‘बघितलंस? नीट बोललं की माणसांना सगळं समजतं. बाईंनी एक शब्दसुद्धा परत विचारला नाही.’

‘नाही ना,’ मी म्हटलं.

‘आणि तू उगाच हसत असतेस माझ्या हिंदीला.’ ती रस्त्याकडे बघून हसली, नव्या नवरीसारखी. ‘आता बाबांना कशाला त्रास? यापुढे पालकसभेला मीच येत जाईन. बोलेन की सगळ्या बाईंशी.’

गणिताच्या बाई, विज्ञानाचे सर, मुख्याध्यापिका, सगळे माझ्या डोळ्यांपुढून ओळीने गेले.

‘ये ना,’ मी म्हटलं. ‘तूच येत जा.’